पंच हरलेल्यांच्या घरी जेवतो

चि. ईरा आणि चि. नील,

गेल्या महिन्यात नीलने फोनवर मला विचारलं, "आजी, आबा लाच घ्यायचे का?" शाळेच्या कामासाठी तो घरातल्या खेळाडूंची माहिती शोधत होता. त्यात त्याला वऱ्हाडातल्या फुटबॉल संघटनेचं 'आमचा इतिहास' नावाचं पान सापडलं. लीगच्या अ गटाचे चषक, त्यांचे फोटो, हार घातलेले पाहुणे, हे सगळं तिथे पानभर होतं. ब गटाला तीन ओळी होत्या. तिसऱ्या ओळीचा अर्थ असा, की ब गटात पंचांना जेवणावळी देऊन निकाल फिरवण्याची वाईट चाल होती, ती आता मोडून काढली आहे. तुमचे आबा आयुष्यभर ब गटाचे पंच होते. नीलने सरळ प्रश्न विचारला, यात त्याची काही चूक नाही.

मी त्या वेळी एवढंच म्हणाले, "नाही." राग आला असताना फोनवर जास्त बोलायचं नाही, हा माझा नियम आहे. मग अमरावतीच्या जुन्या ओळखींना फोन केले आणि कळलं, की ती ओळ नुसती छापून ठेवलेली नाही. तिच्या आधारावर शुभांगी राऊत नावाच्या, तुमच्या आईहून लहान असलेल्या एका पंचाची शिट्टी काढून घेतली आहे, आणि अकोल्यात तिची सुनावणी आहे. मी तिकीट काढलं. जाऊन आले. माझ्यानंतर हे कोणी तुम्हाला नीट सांगेल अशी खात्री नाही, म्हणून आताच लिहिते.

अमरावती

पुण्याहून निघालेली गाडी सकाळी पोचते. थंडी चांगली होती. ज्या कॉलेजात मी इंग्रजी शिकवलं तिथल्या पाहुणेघरात सामान टाकलं आणि आधी गिला वडा खायला गेले. हा वडा दह्यात मुरवतात आणि वरून लाल तिखट चटणी ओततात. गाडीवाल्याने विचारलं, "तिखट चालते ना, मावशी?" मी म्हटलं, "चालतं." माझं पुणेरी 'चालतं' ऐकून त्याने चमचा अर्ध्यावरच थांबवला. या गावात माझा सगळा संसार झाला आणि मला अर्धं तिखट मिळालं. मी बशी परत केली आणि पुरतं घालायला लावलं. मग डोळ्यांतून पाणी आलं, पण ते त्याला दिसू दिलं नाही.

मैदान पाहून मात्र मला ओळख पटेना. चारी बाजूंनी भिंत, उंच दिवे, आणि दारावर अ गटातल्या एका संघाच्या मालकाचा चेहरा, घरापेक्षा मोठा. आतल्या भिंतीवर रंगवून काढलेला इतिहास आहे. मी चष्मा पुसून तो या टोकापासून त्या टोकापर्यंत वाचला. ब गट त्यात नाही. रखवालदाराला विचारलं, ब गटाच्या मॅचेस कुठे होतात? तो म्हणाला, "थे इथं नाई खेळत आता. थे बायपासच्या तिकडं, खुल्या जागेत."

खुल्या जागेतच ते नेहमी खेळत आले. तुमच्याकडे मेलबर्नला वरची आणि खालची लीग असते, जिंकणारा वर जातो आणि हरणारा खाली येतो. इथेही कागदावर तसंच होतं. आधी फक्त शहरातले क्लब होते. त्यांच्याकडे बूट होते, कुंपणाचं मैदान होतं, चहा द्यायला माणूस होता. मग रेल्वेच्या कडेच्या गावांतली पोरं म्हणाली, आम्हालाही खेळायचंय. जिनिंगमध्ये गठाणी उचलणारे, मालधक्क्यावरचे, बाजारात भाजी विकणारे, शेतकऱ्यांची मुलं. शहरवाल्यांनी सांगितलं, आधी आपापसात खेळून दाखवा. असा ब गट सुरू झाला. खांब बांबूचे, जाळी गोणपाट उसवून विणलेली, आणि सगळे शर्ट एकाच घंगाळात बुडवून एका रंगाचे केलेले. पोळा झाला की सामने सुरू व्हायचे, आणि कापसाची वेचणी ऐन भरात आली की मध्ये थांबायचे, कारण निम्मे खेळाडू वावरात असायचे. ब गट जिंकणाऱ्याला वर जायचा हक्क होता. पण वर जाण्यासाठी स्वतःचं कुंपणाचं मैदान हवं, अशी अट नंतर घातली गेली. म्हणजे कोणी वर गेलंच नाही, आणि आता इतिहास लिहिणारे म्हणतात, ब गटाने मोठे खेळाडू दिले नाहीत.

जेवणाची चाल अशी: सामना संपला की पंच हरलेल्या संघाच्या कर्णधाराच्या घरी जेवतो. हरलेल्यांच्या, जिंकलेल्यांच्या नाही. हरलेला संघ बाहेरगावचा असेल तर त्यांच्या डब्यातलं मैदानावरच खातो. बरोबरी झाली तर आपल्या घरी जाऊन खातो. जेवताना हरलेल्यांनी काहीही विचारावं आणि पंचाने उत्तर द्यावं. ताटात गोड वाढायचं नाही. इतकंच. यात निकाल कसा फिरतो, हे मला कोणीतरी समजावून द्यावं. ज्याला निकाल फिरवायचा आहे तो हरल्यावर जेवण घालील का?

धामणगाव रेल्वे

धामणगावला मी एस.टी.ने गेले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तुरी कापून पडल्या होत्या, आणि कापसाच्या गाड्या इतक्या फुगवून भरलेल्या, की हाकणारा माणूस दिसत नव्हता. माझ्या चाकांच्या बॅगेचं एक चाक स्टँडसमोरच्या काळ्या मातीच्या भेगेत अडकून तुटलं. पुढचा सगळा प्रवास ती बॅग एका बाजूला कलून माझ्यामागून आली.

स्टेशनच्या मागे नामदेवराव राहतात. ते मालधक्क्यावर नोकरीला होते आणि धामणगावचे गोलकीपर होते. आबांचे मित्र. आता पाठीत वाकलेत, पण हात अजून तेवढेच मोठे. त्यांच्या सुनेने संत्री सोलून समोर ठेवली. मी नीलचा प्रश्न सांगितला. त्यांनी उचललेली फोड परत ताटलीत ठेवली. मग म्हणाले, "वैनी, थे पार्सल हापिसातलं सांगतलं होतं का कधी त्यायनं तुमाले?"

सांगितलं नव्हतं. तेव्हा माझं लग्न व्हायचं होतं. आबा नवे शिक्षक होते आणि पहिल्यांदाच धामणगावला शिट्टी घेऊन आले होते. शेवटच्या मिनिटाला धामणगावचा गोल त्यांनी ऑफसाइड म्हणून नाकारला. धामणगाव हरलं. लोक मागे लागले आणि तुमचे आबा धावत जाऊन स्टेशनच्या पार्सल ऑफिसात, संत्र्यांच्या पेट्यांच्या मागे लपले. मला त्यांनी नेहमी एवढंच सांगितलं होतं, की त्या दिवशी गाडी चुकली.

बाहेर माणसं जमली. तेवढ्यात नामदेवरावांच्या आई आल्या. त्यांनी दार वाजवलं, आबांना बाहेर काढलं, आणि गर्दीतून हाताला धरून आपल्या घरी नेलं. दारात उभ्या राहून म्हणाल्या, "हा मानूस माह्या घरी जेवून राह्यला. ज्याले याले मारा लागते त्यानं आधी माह्या चुलीपाशी यावं." आत कोण येणार? पण नामदेवरावांचं ते घरच, म्हणून ते आत होते, आणि त्यांच्यासोबत दोघं-चौघं खेळाडूही बसले. भाकरी वाढली गेली. मग एकाने विचारलं, "थो ऑफसाइड कसा होता?" आबांनी भाकरीचे तुकडे ताटात मांडून दाखवलं. नामदेवरावांना ते पटलं नाही. त्यांना अजूनही पटलेलं नाही. "पन मारा वाटलं नाई मंग," ते म्हणाले. "जेवता जेवता कसं मारा?"

पुढच्या वेळी आबा बडनेऱ्याच्या सामन्याला गेले, तेव्हा तिथल्या हरलेल्यांनी सांगितलं, आमच्याकडेही जेवा, धामणगावच्या घरी जेवले, आमचं घर काय वाईट आहे? अशी ती चाल पडली. ती कोणी ठरवली नाही, ठराव केला नाही. पण नामदेवराव म्हणतात, त्यानंतर ब गटात कुणा पंचाला पळावं लागलं नाही. अ गटात पोलीस बोलवावे लागतात.

मग मी शुभांगीचं प्रकरण विचारलं, कारण त्यात धामणगावचाच संघ होता. तिचा दोष काय, ते नीट समजून घ्या. सामना बाळापूरला होता, बाळापूर आणि धामणगाव यांच्यात. अखेरीस शुभांगीने बाळापूरविरुद्ध पेनल्टी दिली आणि धामणगाव जिंकलं. चालीप्रमाणे ती हरलेल्या बाळापूरच्या कर्णधाराच्या घरी जेवली. काही आठवड्यांनी संघटनेच्या लक्षात आलं, की धामणगावचा एक खेळाडू अमरावतीच्या अ गटातल्या क्लबातही नोंदलेला होता. म्हणून सामना काढून बाळापूरला दिला. बाळापूरने मागितला नव्हता. आता कागदावर बाळापूर विजयी झालं. आणि कर्णधाराच्या पुतणीने जेवणाचा फोटो सगळ्यांना दिसेल असा टाकलेला होताच. तेव्हा संघटनेने दोन्ही गोष्टी जोडल्या: पंच विजयी संघाच्या घरी जेवली. म्हणून निलंबन.

मी नामदेवरावांना विचारलं, तुमचं गाव तर तो सामना हरवून बसलं. तुम्हाला तिचा राग नाही? ते म्हणाले, "आमचा पोट्टा दोन ठिकानी खेळला, थे आमचं चुकलं. थे पोरगी जवा जेवली तवा बाळापूर हारलेलं होतं. भाकर खाल्ल्यावर थे जिंकले, त्याले थे काय करन?"

मी त्यांना म्हटलं, हेच अकोल्यात येऊन सांगा. त्यांनी सुनेकडे पाहिलं. सून म्हणाली, "जा ना. घरी बसून माह्यंच डोकं खाऊन राह्यले आठ दिवसांपासून." तेव्हा ते आले.

बाळापूर

सुनावणीच्या आदल्या दिवशी आम्ही अकोल्याहून बाळापूरला गेलो. ज्या जेवणाची साक्ष द्यायची ते घर आधी डोळ्यांनी पाहावं, असं मला वाटलं. बाळापूरला नदीच्या संगमावर किल्ला आहे, भिंती अजून उभ्या आहेत. नामदेवरावांनी बसमधूनच तो दाखवला आणि सांगितलं, की त्या भिंतीला लागून ते एकदा खेळले होते. बॉल आत गेला तो आलाच नाही, आणि सामना तिथेच संपला.

कर्णधार गजानन वानखडे तिशीतला, शेती करतो. घर साधं, अंगणात तुरीच्या शेंगांचा ढीग आणि शेजारी कडुनिंब. त्याच्या आईने आम्हाला बसवलं, आणि त्या दिवशी शुभांगीला जे वाढलं होतं तेच केलं: ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी, बेसन, ठेचा आणि भरपूर सांबार. सांबार म्हणजे कोथिंबीर. पुण्याहून आलेल्या माणसाला इथे पहिल्या दिवशी हमखास दक्षिणेकडचं काहीतरी मिळेल असं वाटतं. पुण्यात आमच्या सोसायटीचे क्रिकेटचे सामने होतात, तेव्हा पंचाला पाकीट देऊन फाटकातूनच निरोप देतात. त्याच्या घरी कोण आहे, तो जेवला का, हे आम्ही विचारत नाही. तेच स्वच्छ समजलं जातं.

आम्ही जेवत असताना आम्हाला भेटायला शुभांगी स्कूटरवर आली. तिच्या माहेरची भाजीची शेती अकोल्याच्या कडेला आहे, ती स्वतः शाळेत खेळ शिकवते. सावळी, काटक, बोलताना डोळ्यांत पाहणारी. ती अंगणात कडुनिंबाखाली थांबली आणि आत येईना. गजाननची आई दारात गेली. "काहून वो पोरी, माह्या घरचं पानी बी बंद केलं काय?"

"बंद नाई केलं, काकू. उद्याचा निकाल लागू द्या. मंग येतो." वऱ्हाडात बायकाही 'येतो', 'जातो' म्हणतात. मला ते आवडतं.

"निकाल तर लागला ना एकडाव. अजून किती निकाल लागतेत एका मॅचचे?"

शुभांगी हसली, पण आत आली नाही. प्रकरण चालू असताना त्या घरी काही खायचं नाही, असं तिने ठरवलं होतं. तिच्या डोक्यातला नियम कोणत्याही छापील नियमापेक्षा कडक होता. गजानन तिच्याशी नीट बोलत नव्हता. विचारलं तर म्हणाला, "मॅडमनं पेनल्टी चुकीची देल्ली होती. थे मी जेवतांनी बी सांगतलं, आता बी सांगतो." शुभांगी म्हणाली, "हात लागला होता बॉलले. तुमाले बी माहीत आहे." त्यावर दोघं अंगणात उभे राहून पुन्हा तोच वाद घालू लागले. ज्या दोघांवर संगनमताचा आरोप आहे त्यांना मी असं पाहिलं. सचिवांना हे अंगण दाखवता आलं असतं तर सुनावणीची गरजच उरली नसती.

आम्ही निघताना तिने मला सांगितलं, की पंचांच्या वरच्या परीक्षेसाठी तिचं नाव गेलं आहे. ती पास झाली तर राज्याच्या सामन्यांना शिट्टी वाजवता येईल. ब गटातून अजून कोणी तिथवर गेलेलं नाही. निलंबन कायम राहिलं तर नाव परत येईल.

अकोला

सुनावणी संघटनेच्या ऑफिसात होती, आणि शुभांगीच्या बाजूने साक्षीला नामदेवराव आणि मी होतो. सचिव आणि समितीचे चौघे टेबलाच्या पलीकडे बसले होते. सचिव माझ्याशी फार आदराने वागले, मॅडम मॅडम करत. त्यांनीच ती तिसरी ओळ लिहिली आहे, हे त्यांनी अभिमानाने सांगितलं. मी विचारलं, ही माहिती कुठून घेतली? ते म्हणाले, ऐकीव आहे, सगळ्यांना ठाऊक आहे. मी विचारलं, कोणाला विचारलंत? ब गटातल्या कोणत्या पंचाला, कोणत्या खेळाडूला? ते म्हणाले, मॅडम, इतिहास लिहायचा म्हणजे सगळ्यांना विचारत बसता येत नाही.

त्यावर मी जे बोलले ते मी इथे पूर्ण लिहीत नाही, कारण माझा आवाज चढला होता आणि ते मला शोभलं नाही. मुद्दा एवढाच होता, की ब गटाला तुम्ही मैदान दिलं नाही, वर जायचा रस्ता बंद केला, भिंतीवर जागा दिली नाही, आणि शेवटी त्यांच्या हातात जी एक चांगली गोष्ट उरली होती तिला तुम्ही लाच म्हटलंत.

मग नामदेवराव उभे राहिले. समितीतला एक जण हसून म्हणाला, काका, आता नियम आलेत, तो काळ गेला. नामदेवराव म्हणाले, "नियम तवा बी होते. तुमच्यापेक्षा कडक होते. जिंकनाऱ्याच्या घरचं पानी नाई प्याचं, हा नियम होता. या पोरीनं थो पाळला. तुमी नंतर निकालाची पाटी बदलली." सचिवांनी घड्याळ पाहिलं आणि जेवणाची सुट्टी जाहीर केली.

जेवण एका हॉटेलातून खोक्यांत आलं. पनीर, पुलाव, गुलाबजाम. मी विचारलं, कोणी पाठवलं? पाठवणाऱ्याचा अ गटात संघ आहे. अमरावतीच्या दारावर ज्याचा चेहरा लावलाय, तोच. सुनावणी असली की तो जेवण पाठवतो, असं सचिवांनी सहज सांगितलं. त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही, आणि हेच मला सगळ्यात जास्त लागलं. मी खोकं उघडलं नाही. शुभांगीनेही नाही. नामदेवरावांनी मात्र सगळं खाल्लं. मी त्यांच्याकडे पाहिलं तेव्हा म्हणाले, "मी थोडीच पंच हाओ, वैनी."

दुपारी सचिवांनी तोडगा मांडला. त्यांना वाटलं, ते उदारपणा करताहेत. शुभांगीने लिहून द्यावं, की बाळापूरच्या घरी जेवणं ही चूक झाली आणि पुन्हा असं होणार नाही. लगेच निलंबन उठेल, परीक्षेचं नावही राहील. एका ओळीचं काम. कागद आणि पेन त्यांनी तिच्यासमोर ठेवलं.

मी खरं सांगते, माझ्या मनात आलं, लिहून टाक पोरी. तुझं आयुष्य पुढे आहे. मी तिला तसं म्हणणारही होते.

तिने पेन उचललं नाही. म्हणाली, "सर, पेनल्टी चुकली असं म्हना, मी इचार करीन. जेवली थे चूक म्हनून लिहू? मंग त्या काकूच्या दारात जाऊन काय सांगू? तुमची भाकर खाल्ली थे माह्यं चुकलं म्हनून?"

सचिव म्हणाले, हा भावनेचा प्रश्न नाही. तिने पेन त्यांच्याकडे सरकवलं. निलंबन कायम झालं, हंगाम संपेपर्यंत. परीक्षेचं नाव परत आलं. ती खोलीतून बाहेर आली आणि स्कूटरची किल्ली शोधत बराच वेळ पर्समध्ये हात घालून उभी राहिली. मी जवळ गेले नाही. अशा वेळी जवळ जाऊ नये, एवढं मला कळतं.

त्याच दिवशी चार वाजता अकोल्याच्या बायपासजवळच्या खुल्या जागेत ब गटाचा सामना होता, बाळापूर आणि अकोल्याचा एक संघ. शुभांगीच्या जागी अ गटातला एक तरुण पंच पाठवला होता. त्याचं नाव मी लिहीत नाही, आणि ते का ते पुढे कळेल. शुभांगी म्हणाली, चला, सामना तर पाहू. आम्ही तिघं तुरीच्या काड्यांच्या ढिगाला टेकून उभे राहिलो. एक बॉल सरळ माझ्या थर्मासला लागला आणि चहा मातीत गेला. बांबूचे खांब आता लोखंडी झालेत, जाळी मात्र अजून गोणपाटाचीच आहे.

बाळापूर हरलं. शेवटच्या गोलाला ऑफसाइड होतं, असं गजाननचं म्हणणं होतं. पंचाने शिट्टी खिशात टाकली आणि मोटारसायकलकडे निघाला. सुरू होण्याआधीच त्याने जाहीर केलं होतं, की तो कोणाकडे काही खाणार नाही, नियम आहे. गजानन त्याच्या मागे गेला. सगळे थांबले. मला वाटलं, आता भांडण होणार.

गजानन म्हणाला, "सर, नियम माहीत हाये आमाले. पन मले इचारायचं हाये, थो ऑफसाइड काहून नाई देल्ला. अन् उपाशी मानसाशी आमी भांडत नाई."

पंच म्हणाला, विचारा, उभ्यानेच सांगतो. गजाननने विचारलं. त्याने बुटाच्या टोकाने मातीत रेषा ओढली, बचाव करणारे कुठे होते ते दाखवलं. बाळापूरच्या पोरांनी ती रेषा पुसून दुसरी ओढली. तो खाली बसला. तेही बसले. डबे उघडले गेले, कारण पोरांना भूक लागली होती. बोलता बोलता कोणीतरी पंचाच्या हातात ठेचा लावून गुंडाळलेली भाकरी दिली. तो तिसरी रेषा ओढत होता आणि दुसऱ्या हाताने भाकरी खात होता. अर्धी झाल्यावर त्याच्या लक्षात आलं. तो थांबला, हातातल्या भाकरीकडे पाहिलं, मग तिथे उभ्या असलेल्या शुभांगीकडे पाहिलं. त्याने उरलेली भाकरी खाल्ली आणि पुन्हा ऑफसाइडवर आला. अंधार पडेपर्यंत ते तिथे बसले होते. गजाननला पटलं नाही.

तेव्हा नील, तुझ्या प्रश्नाचं उत्तर पुन्हा देते: नाही. आबा लाच घेत नव्हते, ते हरलेल्यांना उत्तर द्यायला बसत होते. संघटनेने ती ओळ काढलेली नाही, मी त्यांना पत्र पाठवलं आहे, त्याचं उत्तर आलेलं नाही. शुभांगी या हंगामात शिट्टी वाजवत नाही. गजाननच्या आईकडे ती निकालाच्या दुसऱ्या दिवशी जाऊन जेवली. भिंतीवर ब गट नाही आणि वर जायचा रस्ता अजून बंद आहे. पण वऱ्हाडात ब गटाचे सामने होतात, आणि सामना संपला की पंच हरलेल्यांबरोबर जेवतो.

तुमची आजी